कुत्र्याला दुखण्याची गोळी देताना या चुका टाळा

वावरात जागलीला असलेला कुत्रा रानडुकराशी भिडून किंवा पायात बाभळीचा काटा मोडून लंगडत घरी येतो. जनावरांचा दवाखाना सकाळी उघडणार आणि हाताशी असतात माणसांच्या नाहीतर ढोरांच्या गोळ्या. बहुतेक घोळ इथून सुरू होतो.

आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही माणसांची दुखण्यावरची औषधं कुत्र्याला अजिबात देऊ नका, पाव गोळीसुद्धा नाही. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. 10 किलोच्या कुत्र्याला ती दिली की किलोमागे 40 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन पोटात गेलं. एवढ्यात जठराला जखमा होऊन रक्त जाऊ शकतं. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून जनावरांवरच्या त्याच्या वापरावर 2006 मध्ये बंदी आली, पण माणसांचं इंजेक्शन मेडिकलमध्ये मिळतं आणि तेच कुत्र्याला टोचलं जातं. त्याचं मलमही लावू नका, कुत्रा ते चाटून काढतो. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलचा तुकडाही खाली पडू देऊ नका, मांजरासाठी ते जहर आहे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्याचा घात का होतो? सूज आणि दुखणं वाढवणारे जे घटक ही औषधं अडवतात, त्याच जातीचे घटक जठराचं अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाला रक्त पोहोचवतात. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना दिवसभर पाणी न प्यायलेल्या कुत्र्याचं मूत्रपिंड याच घटकांच्या भरवशावर चालत असतं. म्हणून तोंड कोरडं पडलेल्या, उलट्या-हगवण चालू असलेल्या कुत्र्याला आधी पाणी हवं, गोळी नको.

पशुवैद्यक कुत्र्याला बहुधा मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देतात आणि सगळ्यात जास्त चुका याच औषधाच्या मापात होतात. नेहमीचा डोस पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम आणि दुसऱ्या दिवसापासून 0.1 मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच, खाऊ घातल्यावर. 15 किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी 3 आणि नंतर रोज 1.5 मिलिग्रॅम. आता घरातल्या गोळ्यांशी ताडून पाहा. माणसाची गोळी 7.5 मिलिग्रॅमची, म्हणजे या कुत्र्याचा पाच दिवसांचा डोस. ढोरांच्या बोलसमध्ये, म्हणजे मोठ्या गोळीत, 100 मिलिग्रॅम मेलॉक्सिकॅम आणि सोबत 1500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. त्याचा अंदाजे तुकडा मोडून देणं म्हणजे जिवाशी खेळ. ढोरांच्या साध्या इंजेक्शनमध्ये एका मिलीत 5 मिलिग्रॅम असेल, तर या कुत्र्याचा रोजचा डोस 0.3 मिली होतो. मोठ्या सिरिंजवर एवढं माप नीट दिसतच नाही, आणि ‘दोन सीसी (म्हणजे 2 मिली) दे’ म्हटलं की 10 मिलिग्रॅम गेलं. कुत्र्यांच्या पातळ औषधातही एका मिलीत 0.5 मिलिग्रॅमची आणि 1.5 मिलिग्रॅमची अशा बाटल्या असतात. जुन्या बाटलीचं माप नव्या बाटलीला लावू नका, लेबल दर वेळी वाचा.

वजन नजरेने ठरवू नका. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने राहा, आणि वजाबाकी करा.

सकाळी दिलं, संध्याकाळीही लंगडतोच, म्हणून दुसरा डोस देणं ही नेहमीची चूक. कुत्र्याच्या अंगात मेलॉक्सिकॅमचा असर साधारण 24 तास राहतो. तितकीच वाईट गोष्ट म्हणजे त्यावर डेक्सामिथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चढवणं. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र आले की आतड्याला भोकसुद्धा पडू शकतं. कोणी आधी सुई मारली असेल तर ती कशाची होती हे विचारल्याशिवाय पुढचं औषध देऊ नका. एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मधे किती दिवस सोडायचे, ते डॉक्टरच ठरवतील. बहुधा 5 ते 7 दिवस.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे, तो म्हणजे गोचीड. गोचिडाच्या तापात सांधे दुखतात, कुत्रा लंगडतो, आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणारे कण, कमी होतात. अशा कुत्र्याला वेदनाशामक दिलं तर रक्तस्राव वाढू शकतो. ताप, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके दिसले तर गोळी नको, आधी रक्ततपासणी. गाभण किंवा पाजणारी कुत्री आणि लहान पिल्लं यांनाही डॉक्टरांशिवाय काही देऊ नये.

औषध चालू असताना जेवण सोडलं, उलटी झाली, शी डांबरासारखी काळी झाली, अचानक खूप पाणी पिऊ लागला किंवा लघवी कमी झाली, तर पुढचा डोस बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शी काळी दिसणं म्हणजे पोटात रक्त गेलंय, उन्हामुळे असं होत नाही.

चुकून जास्त गोळ्या खाल्ल्या तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, त्याने रक्तातलं मीठ वाढून मेंदूला इजा होते. गोळीचं रिकामं पाकीट, किती खाल्ल्या आणि किती वाजता, एवढं सांगत लगेच डॉक्टरांना फोन करा. पहिले दोन तास फार मोलाचे. तालुक्याला सलाईन आणि रक्ततपासणीची सोय नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यक संस्था गाठा.

दवाखाना उघडेपर्यंत काटा दिसत असेल तर काढा, जखम स्वच्छ पाण्याने धुवा, कुत्र्याला सावलीत बांधून ठेवा, फिरू देऊ नका. मार लागून सूज असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून 10 मिनिटं धरा, दिवसातून तीनदा. पाय लोंबतोय किंवा कुत्रा तो टेकवतच नाही, तर हाड मोडलेलं असू शकतं. ओढून सरळ करू नका, फळीवर किंवा पोत्यावर झोपवून न्या.