माहेरी बाळंतपणाला निघण्याआधी

डोहाळजेवण झालं, ओटी भरली, आता आठवड्याभरात माहेरी निघायचं. लंगोट, टोपडी, दुपटी आईने केव्हाच मोजून ठेवली असतील, त्यांची काळजी तू करू नकोस. मी सांगतेय ती तयारी वेगळी आहे. पुण्या-मुंबईत आठ महिने एका डॉक्टरांनी तपासलं, आणि बाळावर सर्वांत जास्त नजर ठेवायचा शेवटचा महिना मात्र लातूर-सांगलीला दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती. हा सांधा नीट जुळायला हवा, म्हणून आधी फाईल.

फाईलमध्ये सगळ्यांत वर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी लाव. जुना रिपोर्ट म्हणून नेमका तोच सासरच्या कपाटात राहतो. बाळाचे दिवस सर्वांत अचूक त्यावरून ठरतात. पुढच्या सोनोग्राफीतली तारीख बाळाच्या आकाराप्रमाणे मागेपुढे होते. तो कागद नसेल, तर वाढ कमी झालीय की दिवसच कमी भरलेत, हे नव्या डॉक्टरांना ठरवणं अवघड जातं. त्यामागे रक्तगट, हिमोग्लोबिन, साखरेची तपासणी, प्रत्येक भेटीतलं बीपी आणि माता-बाल संरक्षण कार्ड. रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्यासाठीचं अँटी-डी इंजेक्शन कधी घेतलं, बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं झाली असतील तर कोणत्या तारखेला, हे लिहून घे. सगळ्याचे फोटो नवऱ्याच्या मोबाईलवरही असू देत.

मग एक साधी वही आणि पेन, उशाशी राहील अशी. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हालचालींना एक लय येते. कुणाचं जेवणानंतर फिरतं, कुणाचं रात्री दिवा मालवला की लाथा मारायला लागतं. आपल्या बाळाची ही सवय ओळखणं हेच खरं काम. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो जेवणानंतर, डाव्या कुशीवर निवांत पड, मोबाईल बाजूला ठेव, आणि लाथ, ढुशी, कूस बदलणं, जे जाणवेल ते मोज. उचकी धरू नकोस. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. बहुतेक वेळा त्या बऱ्याच आधी होतात. दहा व्हायला किती मिनिटं लागली, तेवढंच वहीत लिही. बाळ पोटात झोपतंही, पण ती झोप साधारण वीस ते चाळीस मिनिटांची असते. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा दहा झाल्या तरी नेहमीसारखं वाटत नाही, तर त्याच वेळी दवाखान्यात निघ. हालचाल मुळीच जाणवत नसेल तर दोन तास मोजतही बसू नकोस.

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. माझ्या धाकट्या बहिणीला सदतिसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी बाळ शांत वाटलं. घरातल्या मोठ्या बायका म्हणाल्या, "नववा लागला की बाळाला जागा उरत नाही, ते गप्प होतंच." गोड खायला दिलं, थंड पाणी दिलं, आणि रात्र गेली. सकाळी दवाखान्यात बाळाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली, ती चांगली आली नाही, तासाभरात सिझेरियन झालं. भाचा सुखरूप आहे, पण ती रात्र आठवली की आजही माझ्या पोटात गोळा येतो. बायका प्रेमानेच बोलल्या होत्या, पण ते खरं नाही. जागा कमी झाल्यावर हालचालीचा प्रकार बदलतो, जोरदार लाथेऐवजी सरकणं जाणवतं. हालचाली कमी होत नाहीत. माहेरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी हे आईला आणि आजीला सांगून ठेव.

एनएसटीला, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची ती पट्टी काढायच्या तपासणीला, उपाशी जाऊ नकोस, आधी लघवीला जाऊन ये, आणि पोट सहज उघडता येईल असे कपडे घाल. पोटावर दोन पट्टे बांधतात, एक बाळाच्या ठोक्यांसाठी, एक कळांसाठी. साधारण वीस मिनिटं लागतात, बाळ झोपलेलं असेल तर जास्त. ठोके मिनिटाला 110 ते 160 असावेत, आणि बाळ हललं की ते थोडे वाढलेले दिसावेत. पाठीवर सपाट झोपवलं तर "सिस्टर, जरा कुशीवर करता का?" असं मोकळेपणी विचार, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते. आजची पट्टी चांगली आली म्हणून वही बंद करायची नाही, कारण पट्टी त्या वेळेचंच सांगते.

सोनोग्राफीला फोटो असलेलं ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी ने. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याप्रमाणे तिथे फॉर्म भरून सही करावी लागते. बीपी, साखर किंवा वाढीची शंका असेल तर नाळेतला रक्तप्रवाह डॉप्लरने, म्हणजे सोनोग्राफीच्याच एका प्रकाराने, बघतात. बाळाभोवतीचं पाणी किती आहे हे विचारून घे. गळ्याभोवती नाळेचा वेढा लिहिलेला दिसला तर घाबरून जाऊ नकोस, तो पुष्कळ बाळांना असतो.

खर्चाची ओढाताण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत होते. आशाताईंना पोचल्याबरोबर भेट.

शेवटी एक कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर. त्यावर दवाखान्याचा रात्रीचा नंबर, रुग्णवाहिकेचा 108, आणि रात्री दोन वाजता उठून गाडी काढेल अशा दोन शेजाऱ्यांची नावं. खाली ठळक अक्षरांत: हालचाल कमी, रक्तस्राव, पाणी जाणं (हिरवट असेल तर आणखी घाई), जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. दादाला एकदा दिवसाउजेडी घरापासून दवाखान्यापर्यंत गाडी चालवून बघायला सांग, आणि रात्री कुठलं दार उघडं असतं तेही विचारून यायला सांग.