स्ट्रॅटची गुणगुण घालवायची आहे? आधी ती ओळखा

शेवटची नोट विरत असते आणि ती जसजशी बारीक होते तसतशी ॲम्पची गुणगुण वर येते. मी स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार) क्लीन टोनवर, म्हणजे आवाज न फाडता वाजवते, दोन फ्रेझांमध्ये भरपूर जागा सोडते, त्यामुळे ही गुणगुण मला कित्येक वर्षं छळत होती. नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारं उपकरण) लावून पाहिला. तो गप्प बसवतो, पण विरत जाणाऱ्या सुराचं शेपूटही कापून टाकतो, आणि मला नेमकं तेच शेपूट हवं असतं. शेवटी पिकअप (तारांखालची चुंबक-कॉइलची पेटी, जी तारांचं कंपन विजेत बदलते) बदलायचं ठरवलं. एकूण तीनदा बदलले, त्यातल्या पहिल्या दोन वेळा चुकले. त्या दोन चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

खरेदीच्या आधी दहा मिनिटं काढा. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, स्विचने तिन्हीपैकी (नेक म्हणजे मानेजवळचा, मधला आणि ब्रिजजवळचा) एकटा नेक पिकअप निवडा, तारांवर तळहात ठेवून त्या दाबून धरा आणि उभ्या जागी सावकाश गोल फिरा. एका दिशेला गुणगुण जवळजवळ नाहीशी होते आणि तिथून काटकोनात वळलं की पुन्हा चढते, असं झालं तर ती चुंबकीय आहे. ट्रान्सफॉर्मर, मोटर, भिंतीतल्या वायरी यांच्याभोवती वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि पिकअपची कॉइल ते तारेच्या कंपनाइतक्याच इमानदारीने उचलते. यावर नॉइजलेस, म्हणजे स्वतःची गुणगुण स्वतःच मारणारा पिकअप हा खरा इलाज आहे.

आता तारांवरचा हात उचला. हात उचलल्यावर चरचरीत, पातळ आवाज येत असेल आणि तारांना हात लावताच तो जात असेल, तर तो भाग शील्डिंगचा (विजेचा उपद्रव अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा) आहे. पिकगार्डच्या (पिकअप बसवलेल्या वरच्या झाकणपट्टीच्या) मागे आणि लाकडातल्या पोकळीत तांब्याची पट्टी नीट चिकटवली, सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडले आहेत हे मल्टीमीटरने तपासलं, की तो बराच कमी होतो. मात्र पातळ तांब्याची पट्टी चुंबकीय गुणगुण अडवत नाही. आणि व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही आवाज तसाच राहिला तर दोष केबलचा किंवा ॲम्पचा, पिकअपचा नव्हे. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा आणि सॉकेटचं अर्थिंग आधी तपासून घ्या.

आणखी एक चाचणी पाच पोझिशनच्या स्विचवर करा. दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला (जिथे मधला शेजारच्याबरोबर वाजतो) गुणगुण जात असेल, तर तुमचा मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकांचा आहे. शेजारच्या पिकअपबरोबर जोडला की दोघांची गुणगुण एकमेकींना मारते आणि तारांचा आवाज मात्र मिळून येतो. माझी पहिली चूक नेमकी इथे झाली. सेट महाग वाटला म्हणून मी फक्त मधला पिकअप नॉइजलेस घेतला. मधला एकटा वाजवताना शांत झाला, पण दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला, जिथे आधी गुणगुण नव्हती, तिथे ती आली! नवा पिकअप स्वतःची गुणगुण स्वतःच मारत होता, शेजाऱ्याची मारायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. तेव्हा एकच बदलायचा असेल तर नेक किंवा ब्रिजमधून जो तुम्ही एकटा सर्वांत जास्त वापरता तो बदला, आणि तो व मधला जिथे एकत्र वाजतात त्या पोझिशनला थोडी गुणगुण येईल हे गृहीत धरा. माझं ऐकाल तर तिन्ही एकत्र बदला.

आता प्रकार. गुणगुण मारायची मूळ युक्ती जुनी आहे. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ साली हंबकरच्या (दोन कॉइलींच्या पिकअपच्या) पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून दोन कॉइल उलटसुलट जोडणं चालत आलं आहे. प्रश्न एवढाच की सिंगल कॉइलच्या (स्ट्रॅटच्या मूळच्या, एकाच कॉइलच्या पिकअपच्या) अरुंद जागेत दुसरी कॉइल ठेवायची कुठे.

शेजारी ठेवली की रेल. सिमोर डंकन कंपनीचा हॉट रेल्स किंवा डिमार्झिओ कंपनीचा फास्ट ट्रॅक या जातीचे. दोन्ही कॉइल तार ऐकतात, त्यामुळे आवाज दणकट येतो, पण तारेचा जास्त रुंद तुकडा ऐकला जात असल्याने स्ट्रॅटची काचेसारखी वरची धार बोथट होते. ब्रिजला भरपूर गेन घेऊन वाजवणाऱ्याला मी बिनदिक्कत रेल सुचवेन. नेकला मात्र नाही.

खाली ठेवली की स्टॅक. फेंडरचे व्हिंटेज नॉइजलेस, डिमार्झिओची एरिया मालिका, डंकनचा क्लासिक स्टॅक हे सगळे या घरातले. वरची कॉइल तार आणि गुणगुण दोन्ही ऐकते, खालची मुख्यतः गुणगुण ऐकते, आणि दोघींची गुणगुण वजा होते. तारेकडे पाहणारी खिडकी अरुंदच राहते, म्हणून आवाज सिंगल कॉइलच्या जवळचा लागतो. पण फुकट काहीच नाही. खालच्या कॉइलला तारही थोडी ऐकू येते, तेवढा सूर वजा होतो. शिवाय तिची वायर सर्किटमध्ये बसून राहते.

याच मुद्द्यावर माझी दुसरी चूक झाली, म्हणून इथे जरा थांबते. पिकअपच्या खोक्यावर डीसी रेझिस्टन्स (वायरीचा विद्युतरोध) छापलेला असतो. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपचा तो साधारण ६ किलोओहम भरतो. मी १४ किलोओहमचा स्टॅक पाहिला आणि तो दुप्पट जोरकस असेल असं धरून चालले. तो जोरकस नव्हता, वर आवाजावर कुणीतरी घोंगडी टाकल्यासारखा लागला. स्टॅकमध्ये तो आकडा दोन्ही कॉइलींच्या वायरीचा मिळून असतो आणि त्यातली एक सूर देतच नाही. वायर जितकी बारीक तितका रेझिस्टन्सही वाढतो. म्हणजे या आकड्यावरून आवाज किती येईल ते कळत नाही, आणि कसा येईल ते तर मुळीच नाही.

विचारायचा आकडा इंडक्टन्सचा (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते त्या विरोधाचा), हेन्रीमध्ये. पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका ठिकाणी आवाज उचलून धरतात, त्याच्या वर ट्रेबल कोसळतो. स्ट्रॅटचा जुन्या धाटणीचा पिकअप साधारण २.४ हेन्रीचा धरा, केबल वगैरे मिळून ६०० पिकोफॅरड धरा, तर तो उंचवटा सुमारे ४.२ किलोहर्ट्झला येतो. तीच केबल ठेवून ४.५ हेन्रीचा पिकअप लावला तर तो ३ किलोहर्ट्झपर्यंत उतरतो. पिकच्या टोकाचा तो लखलखीत ‘टिंग’ या फरकात राहतो. तुम्हाला जुना आवाज हवा असेल तर अडीच हेन्रीच्या आसपास राहा, जाड हवा असेल तर वर चढा. उत्पादक हा आकडा देत नसेल तर क्लीन टोनमधली ध्वनिफीत ऐका, आणि सुराची सुरुवात ऐका. डिस्टॉर्शनवरच्या ध्वनिफितींवरून निर्णय घेऊ नका, तिथे सगळेच पिकअप भावंडं वाटतात.

तिसरा रस्ता लेस सेन्सर पिकअपचा, जे १९८७ मध्ये फेंडरच्या स्ट्रॅट प्लसवर आले. त्यांचं चुंबकीय ओढणं सौम्य असतं, म्हणून तारांच्या अगदी जवळ नेता येतात. चौथा ॲक्टिव्हचा. ईएमजी कंपनीच्या पिकअपमध्ये आतच प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) असतो, ९ व्होल्टची बॅटरी लागते, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे) २५ किलोओहमचे लागतात आणि बॅटरी चालू-बंद होण्यासाठी स्टीरिओ जॅक. अतिशय शांत असतात. पण बॅटरीला जागा आहे का ते आधी बघा, आणि पॅसिव्ह पिकअपबरोबर मिसळायच्या भानगडीत पडू नका.

ऑर्डर देण्यापूर्वी पिकगार्ड उघडून पट्टीने मोजा. स्टॅक उंचीला जास्त असू शकतात आणि उथळ पोकळीत तळाला टेकतात, मग स्क्रू कितीही फिरवा, खाली जातच नाहीत. पहिल्या ते सहाव्या पोलचं (तारेखालच्या चुंबकी टोकाचं) अंतरही मोजा. आणि पॉट २५० किलोओहमचे आहेत की ५०० चे ते पाहा, कारण २५० वर ट्रेबल थोडा मऊ होतो. स्टॅक जरा मंद वाटला तर मी ५०० लावून पाहते, बऱ्याचदा तेवढ्यानेच तो उघडतो.

बसवताना आधी जुन्या वायरिंगचा स्वच्छ फोटो काढा. रंगांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी. चार वायरींच्या पिकअपमध्ये डिमार्झिओचा लाल हॉट (आवाजाचा सिग्नल नेणारा), हिरवा ग्राउंडला, काळा-पांढरा एकमेकांना जोडून टेप लावायचा. डंकनमध्ये काळा हॉट, हिरवा ग्राउंडला, लाल-पांढरा एकत्र. उघडी वायर दोन्हीकडे ग्राउंडलाच. पॉटच्या पाठीला सोल्डर मारताना आधी ती पाठ खरवडा, ४० वॉटच्या आसपासची सोल्डरिंग आयर्न घ्या आणि पटकन उरका. थंड आयर्न धरून बसलं की उष्णता आत जाऊन पॉटच बिघडतो.

तारा चढवण्याआधी केबल लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा, स्विचप्रमाणे तोच पिकअप बोलतो ना ते बघा. तारा चढवल्यावर दोन पिकअप एकत्र लावून ऐका. आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा आणि बेस गेलेला असेल तर दोघं फेजबाहेर आहेत, म्हणजे एकमेकांचा सूर खोडताहेत. वेगवेगळ्या उत्पादकांचे एकत्र केले की हे होतं. चार वायरींचा असेल तर त्यातल्या एकाचे हॉट आणि ग्राउंडचे रंग अदलाबदल करा, उघडी वायर मात्र ग्राउंडवरून हलवू नका.

शेवटी उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पोलपासून तारेपर्यंत जाड बाजूला अडीच आणि बारीक बाजूला दोन मिलिमीटर ठेवून सुरुवात करा. जाड ‘ई’ तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर एखादी नोट लावून कान द्या. दोन सूर भांडल्यासारखे लहरत असतील तर चुंबक तारेला ओढतं आहे, नेक पिकअप अर्धा-अर्धा फेरा खाली न्या. स्टॅक थोडा दबका वाटतो म्हणून लोक तो उगाच वर चढवतात आणि मग इंटोनेशनला (फ्रेटवर सूर अचूक लागण्याला) दोष देतात.

जुने पिकअप टाकू नका. नेक, मिडल, ब्रिज अशी चिठ्ठी आणि मोजलेला रेझिस्टन्स लिहून पिशवीत ठेवा. माझे अजून आहेत, आणि वर्षातून एकदा मी ते पुन्हा जोडून नव्यांच्या शेजारी ऐकते.