१०-१५ लाखांत वेगवान गाडी घेताय? या चुका टाळा

१५ लाखांच्या आत नवी कोरी स्पोर्ट्‌स कार आपल्याकडे मिळत नाही. मिळते ती जुनी, पण खरोखर पळणारी गाडी: फियाटची अबार्थ पुंटो, फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, स्कोडाची लॉरा व्हीआरएस, आणि बजेट बरंच ताणलं तर स्कोडाचीच ऑक्टेव्हिया आरएस. या गाड्या जपणाऱ्या माणसाच्या हाती जाव्यात असं मला मनापासून वाटतं. घेतल्यावर वर्षभरात वैतागून विकणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा मॉडेलमध्ये नसतं, ती गाडी ज्या घाईने घेतली त्यात असतं.

सगळे पैसे गाडीतच घालणं

खिशात १५ लाख असतील तर १२ लाखांपर्यंतचीच गाडी बघा. उरलेले पैसे पहिल्या वर्षातच लागतात: टायर, ब्रेक पॅड आणि डिस्क, सगळी ऑइलं, सस्पेन्शनचे बुश, विमा, नावावर करण्याचा खर्च. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी भरपूर दिसत असली तरी इतक्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, आणि पावसाळ्यात घाटात ते लगेच कळतं. चारही टायर एकाच कंपनीचे नसतील, तर मालकाने बाकी कुठे कुठे हात आखडता घेतला हे विचारायलाच हवं.

गिअरबॉक्स न ओळखता सौदा करणं

सर्वात महाग पडणारी चूक ही. ‘डीएसजी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, कोणता डीएसजी ते विचारा. डीएसजी म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं १०५ पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनची ताकद, जवळपास हॉर्सपॉवरच) इंजिन आणि सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी होता, कंपनीच्या भाषेत डीक्यू२००. त्याचे क्लच तेलात बुडलेले नसतात. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत इंच इंच सरकताना ते घासतात, तापतात, आणि त्याचा मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक भाग, हा तर नावाजलेला दुखरा भाग आहे. तो बदलायची वेळ आली तर बिल सहज लाखाच्या घरात जातं.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर नको, ट्रॅफिकमध्ये घ्या. ब्रेकवरचा पाय अलगद काढल्यावर गाडी थरथरते का? पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हिसका देते का? रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही का? मीटरवर गिअरची अक्षरं लुकलुकली तर तिथेच थांबा. मालक ‘सगळ्यांचंच असं होतं’ म्हणाला तरी.

ऑक्टेव्हिया आरएस २३० चा सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा आहे आणि ताकद चांगली पेलतो. मात्र त्याचं ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. ते बदलल्याचं बिल मागा, तोंडी शब्द नको. आणि ही सगळी काळजीच नको असेल तर मॅन्युअल घ्या. अबार्थ पुंटो पाच गिअरची आणि लॉरा व्हीआरएस सहा गिअरची, दोन्ही मॅन्युअल आहेत. माझं मत विचाराल तर खरी मजाही तिथेच जास्त आहे.

फक्त पीएस मोजणं

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, समृद्धीवर १२०, आणि कॅमेरे आहेतच. २३० पीएस तिथे वापरता येत नाहीत. अबार्थचे १४५ पीएस कागदावर कमी वाटतात, पण चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि हाताला रस्ता जाणवून देणारं स्टिअरिंग यांमुळे ती वळणावर फार आनंद देते. तिची अडचण वेगळी. फियाटने २०१९ च्या सुमारास भारतातली विक्री बंद केली, त्यामुळे फक्त अबार्थचेच असलेले भाग शोधावे लागतात. ही गाडी आत्मविश्वासाने खोलणारा मेकॅनिक आपल्या शहरात आहे का, हे टोकन देण्याआधी बघा.

‘फक्त स्टेज वन केलंय’ यावर भुलणं

स्टेज वन म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं, म्हणजेच रिमॅप. रिमॅप केलं की टर्बोचा दाब वाढतो, आणि क्लच, गिअरबॉक्सवर ताण येतो. विकताना बरेच जण मूळ प्रोग्रॅम परत टाकतात. त्यामुळे जाणकाराकडून ईसीयू, म्हणजे हाच कॉम्प्युटर, स्कॅन करून घ्या, आणि गाडीखाली वाकून धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का तेही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असे बदल करायला आडवे येतात. न कळवलेल्या बदलावरून विम्याचा दावाही अडकू शकतो.

गरम इंजिन बघणं

‘तुम्ही येणार म्हणून सुरू करून ठेवली’ असं ऐकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा, मग स्वतः स्टार्टर मारा. लॉराच्या १.८ टीएसआयमध्ये सुरुवातीला दोन-तीन सेकंद खडखडाट आला तर टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर संशयित. हे इंजिन ऑइलही पितं, म्हणून डिपस्टिक काढून बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट इंजिनमध्ये शिरतंय.

दिल्ली पासिंगच्या किमतीला हुरळणं

दिल्लीत पेट्रोल गाड्यांना १५ आणि डिझेलला १० वर्षांची मर्यादा घातली गेली (२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सैल केली), त्यामुळे तिथल्या जुन्या गाड्या स्वस्त दिसतात. पण इथे आणताना तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. पोलो जीटीआयसारखी आयात केलेली गाडी असेल तर कराचा दर जास्त, म्हणून ती रक्कम आधी आरटीओत विचारून मगच भाव ठरवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तेव्हा तुमचा हप्ता वेगळा काढून घ्या, आणि मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करण्याचा अर्ज द्या.