किराणा घेताना पाकिटाची मागची बाजू कशी वाचायची

बाबांना बीपी निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, मग आम्ही भाजीतलं मीठ कमी केलं आणि चहासोबतचा पाकिटातला चिवडा मात्र तसाच चालू ठेवला, महिनाभर. एक दिवस गोकुळपेठेत दुकानात उभ्या उभ्या ते पाकीट उलटवून पाहिलं, 100 ग्रॅममध्ये 800 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे मिठातला तोच भाग जो बीपीला वाईट! खूप वाईट वाटलं. तेव्हापासून मी पाकीट वाचल्याशिवाय घेत नाही.

पहिले तर समोरचं 'हेल्दी', 'मल्टिग्रेन' सोडून द्या अन् पाकीट उलटं करा. अक्षरं फार बारीक असतात, मोबाइलनं फोटो काढून मोठा करून पहा.

मग घटकांची यादी. जे वजनानं सगळ्यात जास्त ते पहिले लिहावं लागतं, म्हणून मल्टिग्रेन बिस्किटावर पहिलंच नाव मैदा दिसलं तर काय ते समजून जा. साखर तर लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशा नावांनीही येते, ती सगळी मिळून साखरच धरा.

आता पोषणाचा तक्ता. दोन पाकिटं ताडून पाहायची तर 100 ग्रॅमचाच रकाना पहा, सर्व्हिंगचा नको, कारण सर्व्हिंग 30 ग्रॅमची लिहिलेली असते आणि घरी चिवडा कोण मोजून खातं, वाटी भरली की झालं. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं, म्हणजे 800 मिलिग्रॅमचं झालं 2 ग्रॅम मीठ, आणि दिवसभराचं धरतात 5 ग्रॅम. बाजूला दिवसाच्या गरजेचे जे टक्के असतात ते 2000 कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाचे असतात, लेकरांना ते लावू नका. 'झिरो ट्रान्स फॅट' वाचून खूश होऊ नका, सॅच्युरेटेड फॅटचा आकडाही पहा, तेही जास्त झालं तर हृदयाला वाईटच.

आपण नागपूरचे, संत्र्याचं चित्र दिसलं की हात जातोच. पण बाटलीमागे रस किती टक्के ते शोधा, मगच घ्या.

इतवारीत सुटं फरसाण घेता तेव्हा लेबलच नसतं, मग सरळ विचारायचं, "भाऊ, कोणत्या तेलात तळलं?" लाजायचं काहून? डाळ-तांदळाला एवढं पाहायची गरज नाही.

अॅपवरून मागवत असाल तर फोटो सरकवत मागच्या बाजूपर्यंत जा, तो फोटो नसेल तर ती वस्तू दुकानात जाऊन हातात घेऊनच घ्या.