मुंबईला स्टोरी पाठवायच्या आधी एवढं करा

नागपुरातून सिनेमासाठी लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी सांगतोय, कारण आपल्याकडे बरेच जण बर्डीवर चहा पिता पिता कोणालाही अख्खी स्टोरी ऐकवून टाकतात, नाहीतर दोन ओळींची आयडिया व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतात. तसं नका करू ना बाप्पा. कॉपीराइट नुसत्या आयडियेला मिळतच नाही, तुम्ही ती कशी मांडली त्याला मिळतो, सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच हे स्पष्ट केलंय. म्हणून "शेतकऱ्याची पोरगी पायलट होते" एवढ्यावर थांबू नका, पात्रं, त्यांच्यातली भांडणं, मुख्य प्रसंग, शेवट, सगळं नीट लिहून काढा, आठ-दहा पानं झाली तरी चालतील. मग स्क्रीनरायटर्स असोसिएशनची, म्हणजे सिनेमा-टीव्हीच्या लेखकांच्या संघटनेची, मेंबरशिप घ्या आणि ती स्टोरी तिथे रजिस्टर करा, ऑनलाइन होते, त्यासाठी विदर्भ एक्सप्रेस पकडायची गरज नाही. मोठा बदल केला की नवा ड्राफ्टही रजिस्टर करायचा. आणि पाठवताना मेलच करा, म्हणजे कोणाला, कधी, काय पाठवलं ते राहतं. फोनवर किंवा भेटून नॅरेशन दिलं तर त्याच दिवशी "आज ही स्टोरी ऐकवली" असा साधा मेल टाकून द्या, यात कोणाला राग यायचं काही कारण नाही.

अन् कॉन्ट्रॅक्ट आलं की हक्क किती वर्षांसाठी देताय ते बघा, कालावधी लिहिलेलाच नसेल तर कायद्याने पाच वर्षं धरतात.