पिंपातलं पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत कसं टिकवायचं

साठवलेलं पावसाचं पाणी हिरवं पडलं, वास मारायला लागलं, की लोक उपाय विचारत फिरतात. मिळणारी उत्तरंही ठरलेली. तुरटी फिरवा, मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब) टाका, कापराची वडी सोडा, नाहीतर वर थोडं तेल ओता. यातलं एकही करू नका. तुरटीने गाळ खाली बसतो, पण राहतो पिंपातच. क्लोरीन काही दिवसांत उडून जातं आणि कुजणारा पाला आहे तिथेच असतो. तेलाच्या तवंगाखाली अळ्या मरतात हे खरं, पण मग ते पाणी मोगऱ्याला कोण घालणार? पाणी टिकणार की नासणार, हे ते पिंपात पडायच्या आधीच ठरलेलं असतं. पुड्या बाजूला ठेवा आणि पत्र्यापासून पिंपापर्यंतची वाट नीट करा.

सिडकोच्या रो-हाऊसचं परस, ठाण्यातलं एखादं उरलेलं बैठं घर, सोसायटीच्या गच्चीवरची पत्र्याची शेड, कुठेही हे जमतं (गच्चीवर ठेवायचं तर आधी कमिटीला विचारा, आणि पिंप बीमवर येईल असं बघा). गॅलरीत जमत नाही. दोनशे लिटरचं पिंप भरलं की वजन दोनशे किलोच्या वर जातं. खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये ते ठेवायचा विचार असेल तर पुढे वाचू नका.

पिंप काळं असलेलं बरं. निळं असेल तर बाहेरून काळा रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा. उजेड आत गेला नाही की शेवाळ धरत नाही. नवी मुंबईत तुर्भे-रबाळेच्या भंगारवाल्यांकडे कारखान्यातली पिंपं स्वस्तात मिळतात. आधी त्यात काय होतं हे खात्रीने कळत नसेल तर घेऊ नका. वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नसतं. खाली विटा, नळ तळापासून चार बोटं वर. पन्हळ झाडून घ्या, तिच्या तोंडाला जाळी लावा.

आता खरं काम: पहिलं पाणी बाहेर काढणं.

‘पहिला पाऊस वाहू द्या’ हे सगळेच सांगतात, आणि ऐकणारे जूनमधली पहिली सर सोडून निर्धास्त होतात. पण ऊन पडून दोन-तीन दिवस गेले की पत्रा पुन्हा घाण होतो. कबुतरं काही चातुर्मास पाळत नाहीत, घोडबंदर रोडची धूळ थांबत नाही, आणि गुलमोहराची बारीक पानं तर कुठल्याही पन्हळीच्या जाळीतून खाली उतरतात. म्हणजे उघडिपीनंतरच्या प्रत्येक सरीचं पहिलं पाणी सोडावं लागतं. ती सर रात्री तीन वाजता येते. तेव्हा छत्री घेऊन पाइप फिरवायला उठू, असं ठरवणारे बरेच पाहिले. आषाढ संपेपर्यंत टिकलेला एकही नाही. त्यामुळे हे काम पाइपानेच करायला हवं.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शेड बारा चौरस मीटरची असेल आणि पहिले दोन मिलिमीटर सोडायचे असतील तर चोवीस लिटर बाजूला गेले पाहिजेत. पिंपाकडे जाणाऱ्या आडव्या पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) बसवून खाली एक उभा पाइप सोडायचा, त्याचं खालचं तोंड बंद. घाण पाणी आधी त्यात भरतं, तो भरला की मागचं पाणी पिंपाकडे वळतं. प्लंबर हमखास चार इंची पाइप लावून मोकळा होतो. चार इंची पाइपात मीटरला जेमतेम आठ लिटर मावतात, म्हणजे तीन मीटर उंची हवी, आणि आपल्या शेडी तेवढ्या उंच नसतात. सहा इंची घ्या. त्यात मीटरला सतरा-अठरा लिटर बसतात, दीड मीटरमध्ये काम होतं. टीच्या खाली सहाचा चार करणारा रिड्यूसर येईल. त्याच्या खाली, सहा इंची भागात, प्लास्टिकचा पोकळ चेंडू टाका, चार इंचात न शिरणारा. पाइप भरला की चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि घाण पाणी वरच्या स्वच्छ पाण्यात मिसळत नाही. चेंडू नको म्हणणारे प्लंबर भेटतील. त्यांचं ऐकू नका.

यापुढे बहुतेकांचं घोडं अडतं, माझंही बरेच दिवस अडलं होतं: हा पाइप रिकामा कोण करणार? भरलेलाच राहिला तर पुढच्या सरीची सगळी घाण थेट पिंपात, वर त्या उभ्या पाइपात डासांची पैदास. काही जण खाली कॉक लावून तो किंचित उघडा ठेवतात. घरातलं कोणीतरी ‘नळ गळतोय’ म्हणून तो बंद करतंच करतं. कॉक नकोच. आट्यांची एंड कॅप लावा आणि तिला दोन मिलिमीटरचं एकच भोक पाडा. पाऊस थांबल्यावर एक-दोन तासांत पाइप आपोआप निथळतो. पाऊस चालू असतानाही बारीक धार गळत राहील, गळू द्या. भोक मोठं केलंत तर बारीक सरीत पाइप भरणारच नाही आणि पिंप कोरडं राहील. आतून नायलॉनच्या जाळीचा तुकडा ठेवा, नाहीतर भोक गाळाने बुजतं. दर रविवारी कॅप उघडून धुवायची. हा रविवार चुकवायचा नाही.

चोवीस लिटर वाया गेले म्हणून हळहळणारे लोक मला कळत नाहीत. आपल्याकडे एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस ही काही नवलाई नाही. त्या दिवशी याच शेडवरून बाराशे लिटर उतरतात आणि पिंपात मावतात दोनशे. कंजुषी करायची तर ऑक्टोबरात करा.

डासांचं थोडक्यात. डेंग्यूचा एडिस डास गटारात जात नाही, त्याला असलंच स्वच्छ पाणी लागतं. झाकणाच्या भोकावर आणि ओव्हरफ्लोच्या तोंडावर खिडकीची जाळी ताणून बांधा, सायकलची जुनी ट्यूब त्याला उत्तम. जाळी सैल पडून पाण्याला टेकली तर मादी वरूनच अंडी घालते. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा झाकण उघडून टॉर्च मारून बघा. गप्पी मासे उघड्या हौदाला ठीक आहेत, बंद पिंपात ते मरतात आणि पाणी आणखी नासतं. पिंप नुसतं ओतून टाकून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात. काथ्याने आतली भिंत घासावी लागते. धुतलेलं पाणी मातीत ओता, गटारात नको.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी वापरत राहा, वरून नवं येतच असतं. टिकवायचं असतं ते शेवटचं पाणी. गणपती गेले की, पितृपक्षाच्या सुमारास, पिंप पूर्ण रिकामं करा, घासा, एक दिवस उन्हात पालथं घाला आणि परतीच्या सरींवर नव्याने भरून घ्या. जूनपासूनच्या गाळावर तेच पाणी ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलंत तर तळाशी हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

हे पाणी झाडांच्या मुळाशी घाला. कोथिंबीर, पुदिना, पालक यांच्या पानांवर शिंपडू नका. पत्र्यावरून उंदीरही फिरतात. हाताला जखम असेल तर पिंप घासताना रबरी हातमोजे घाला.