लिस्बन: चढायचं गाडीने, उतरायचं पायी

ठाण्याहून निघताना माझ्या वहीत लिस्बनमधली बावीस ठिकाणं होती आणि ह्यांच्या उजव्या गुडघ्यात कुरकुर. पहिल्याच संध्याकाळी वही बॅगेच्या तळाशी गेली. ‘मेट्रोपासून चालत ५ मिनिटं’ अशी जाहिरात वाचून खोली घेतली होती. मिनिटं पाचच लागली, म्हणजे बॅगा नसत्या तर लागली असती. पण ती सगळी उभी होती. जिना, वळण, परत जिना. चाकांची बॅग डोक्यावर घ्यायची तेवढी बाकी राहिली. नकाशात अंतर दिसतं, चढ दिसत नाही.

म्हणून खोली शोधायची ती बायशा भागात किंवा रोसियू चौकाच्या आसपास. हा पट्टा सपाट आहे, कारण डोंगरांच्या मधला आहे. आणि सरळ रेषेतला आहे, कारण १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानंतर तो नव्याने आखून बांधला. आधी हादरे, मग समुद्राची लाट, मग आग. तेव्हाच्या मंत्र्याने, पोंबालच्या मार्किसने, त्या राखेवर पट्टीने ओढावेत तसे रस्ते काढले. शेजारचा अल्फामा बराचसा वाचला, त्यामुळे तिथे अजून गल्ल्या, बोळ आणि पायऱ्याच पायऱ्या. राहायला बायशा, हिंडायला अल्फामा. बुकिंग करण्याआधी इमारतीला लिफ्ट आहे का हे मात्र लेखी विचारून घ्या, जुन्या घरांना बहुधा नसते. माणशी रात्रीला ४ युरो शहराचा कर वेगळा पडतो.

पोर्तुगालला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. शेवटच्या महिन्यावर ठेवू नका, एवढंच सांगते.

विमानतळावरूनच मेट्रो मिळते. लाल लाइनने अलामेदा, तिथे हिरवी पकडून रोसियू. यंत्रातून नवेगांत कार्ड घ्यायचं, ५० सेंटचं. प्रत्येकाचं वेगळं लागतं. दोघांत एक चालत नाही. त्यात एका वेळी एकाच प्रकारचं तिकीट भरा: एकतर दर प्रवासाला कापली जाणारी रक्कम, नाहीतर २४ तासांचा पास.

आता खरी गंमत. शहराचा जुना किल्ला अल्फामाच्या वर, टेकडीच्या माथ्यावर. पर्यटक २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामसाठी मार्तीं मोनीशला रांग लावतात आणि आत शिरल्यावर खिसे सांभाळत उभे राहतात. तुम्ही बायशातल्या फांकैरुश रस्त्यावर या. साध्या इमारतीसारखं दार आहे, आम्ही दोनदा समोरून निघून गेलो. आत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. वर मादालेना रस्त्यावर बाहेर पडायचं, छोटा चौक ओलांडायचा, की समोर दुसरी इमारत: खाली सुपरमार्केट, वर पार्किंग. तिच्या लिफ्टने आणखी वर. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आज्ज्या आणि आम्ही दोघं, बाकी कोणी नाही. यानंतर थोडाच चढ उरतो. तोही नको असेल तर प्रासा दा फिगैराहून ७३७ नंबरची बस किल्ल्यापर्यंत जाते.

वर पोचलात की मग पायी उतरा, घाई न करता. पोर्ताश दो सोल, मग सांता लुझियाची गच्ची. इथे नदी बघून सगळे फोटो काढतात आणि निघतात. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरची निळी फरशी मात्र बघा: एका चित्रात भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक आहे. आदल्या दिवशी त्याच जागी उभे होतो, त्यातलं काहीच ओळखू येईना. तिथून उतार थेट कॅथेड्रलवरून बायशात. बूट रबरी तळाचेच घाला. फुटपाथचे पांढरे दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत, पावसाच्या चार थेंबांतही घसरायला होतं.

समोरची शियादूची टेकडीही अशीच फसवायची. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचं एक दार खाली, दुसरं वर, मध्ये सरकते जिने. सांता जुश्ताच्या १९०२ सालच्या लोखंडी लिफ्टची रांग तासभर असू शकते. वरचा पूल कार्मू चौकाच्या बाजूने पायी गाठता येतो. ग्लोरियाच्या, म्हणजे दोरखंडाने चढ चढणाऱ्या छोट्या रेल्वेवर बेत आखू नका. सप्टेंबर २०२५ च्या अपघातात तिथे १६ माणसं गेली.

कार्मू चौकात मात्र अर्धा तास बसा. भूकंपात छप्पर गेलेलं चर्च तसंच ठेवलंय, कमानींमधून आभाळ. शेजारच्या बराकीत २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही राजवटीच्या पंतप्रधान कायतानुने क्रांतिकारी सैनिकांपुढे शरणागती पत्करली. गोवा मोकळा झाला १९६१ ला, पण पोर्तुगालने ते कागदावर मान्य केलं ते ही राजवट गेल्यावर, डिसेंबर १९७४ मध्ये. हे चौकात फारसं कोणी सांगत नाही.

तिसरा दिवस नदीकाठच्या बेलें भागाचा, आणि तो सोमवार नको, तिथला जेरोनिमुश मठ बंद असतो. १५ नंबरच्या ट्रामने सकाळीच जा. मठाच्या चर्चमध्ये प्रवेश फुकट. आतल्या अंगणाचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. चर्चच्या दारातून शिरल्याबरोबर एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची, जो स्वतः गोव्यात राहून गेला. दोन्हीकडे माझी मान जरा आखडूनच गेली. लिस्बनजवळचं सिंत्रा गाव तीन दिवसांत कोंबू नका, त्याला वेगळा दिवस लागतो.

जेवायला बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज पुढ्यात येतं. ते फुकट नाही, खाल्लं तर बिलात धरतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही. शाकाहाऱ्यांनी हिरव्या काल्दू व्हेर्द सुपात सॉसेजची चकती असते हे लक्षात ठेवावं, आणि कस्टर्डच्या त्या प्रसिद्ध पेस्ट्रीत अंड्याचा बलक. आम्ही दोन दिवस बटाट्यावर काढले. तो मागायला अडचण नव्हती: बटाटा तिथेही ‘बताता’, पाव ‘पांव’. निघताना घरमालकीणबाई ‘शाव्ह, शाव्ह’ करत हात पुढे करून उभ्या राहिल्या, तेव्हा ह्यांनी खिशातून बरोबर चावी काढून दिली.